सौर वादळाचा अंदाज नेमका वाचायचा कसा?

सूर्यदर्शी

एक्स वर्गाची, म्हणजे सर्वांत ताकदवान गटातली सौरज्वाला झाली रे झाली, की दोन-तीन तासांत बातम्या सुरू होतात: सौर वादळ पृथ्वीवर धडकणार, उपग्रह बंद पडणार, नेट जाणार. मग तीन दिवस काहीच होत नाही आणि लोक म्हणतात, शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात. ज्यांचं कामच रोजचा अंदाज देणं आहे त्यांनी बहुतेक वेळा असं काही म्हटलेलंच नसतं. अमेरिकेत बोल्डरला असलेलं स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटर असो की ब्रिटनचं मेट ऑफिस, त्यांचं मूळ निवेदन फार जपून लिहिलेलं असतं. ते नीट वाचता यावं, एवढ्यासाठी हा धागा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवू. सूर्यावर स्फोट झाला की तीन वेगवेगळ्या गोष्टी आपल्याकडे निघू शकतात आणि त्या तीन वेगवेगळ्या वेळी पोचतात. ज्वाला म्हणजे क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश. तो सव्वाआठ मिनिटांत येतो. उपग्रहावरच्या क्ष-किरण मापकाचा आलेख वर चढताना दिसतो, तेव्हाच पृथ्वीच्या उजेडातल्या अर्ध्या भागावर परिणाम सुरू झालेला असतो. आगाऊ सांगायला मधे वेळच नाही. त्यानंतर वेगवान प्रोटॉन. ते कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांनी येतात. आणि सगळ्यांत शेवटी सीएमई, म्हणजे सूर्याच्या किरीटातून (बाहेरच्या वातावरणातून) सुटलेला, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन निघालेला अब्जावधी टन प्लाझ्माचा लोंढा. एरवी त्याला दोन ते चार दिवस लागतात, फारच जोरात असला तर पंधरा ते अठरा तास.

म्हणूनच १९९९ मध्ये नोआने (अमेरिकेची हवामान आणि सागर संस्था, बोल्डरचं केंद्र तिचंच) तीन वेगळ्या मोजपट्ट्या केल्या. ज्वालेमुळे होणाऱ्या रेडिओ ब्लॅकआउटला आर, प्रोटॉनच्या माऱ्याला एस आणि भूचुंबकीय वादळाला जी, प्रत्येकी १ ते ५. बातमीत नुसतं 'तिसऱ्या पातळीचं वादळ' असेल तर ती बातमी अर्धवट आहे. आर३ ची बातमी आपण वाचतो तोवर ते बहुधा संपूनही गेलेलं असतं. जी३ चा इशारा मात्र उद्या-परवाबद्दल असतो.

ज्वाला मोठी म्हणजे वादळ मोठं, हेही खरं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ क्रमांकाचा सौरडागांचा समूह पृथ्वीसमोर आला होता. चोविसाव्या सौरचक्रातला (सौरडाग वाढण्या-घटण्याचं साधारण अकरा वर्षांचं चक्र) तो सर्वांत मोठा समूह. त्यातून सहा एक्स ज्वाला झाल्या, पण त्यांच्याबरोबर दखल घ्यावी असा एकही सीएमई सुटला नाही, आणि त्यामुळे मोठं वादळही आलं नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. सीएमई पृथ्वीवर नेमका येऊन आदळला तरी वादळ किती मोठं होणार हे मुख्यतः त्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. सूर्याकडच्या बाजूला पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं असतं. येणाऱ्या ढगाचं क्षेत्र दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रांच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्यापासून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताची ऊर्जा आत शिरायला वाट मिळते. हे जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये मांडलं. क्षेत्र उत्तरेकडे असेल तर ढग बराचसा बाजूने निघून जातो. क्षेत्राच्या या उत्तर-दक्षिण घटकाला बीझेड म्हणतात. तो उणे १० नॅनोटेस्ला किंवा त्याखाली जाऊन तीन तास टिकला, तर तीव्र वादळ होणार असं धरायला हरकत नाही.

आणि हा बीझेड लांबून दिसत नाही! ढग सूर्याजवळ असताना त्याचा वेग मोजता येतो, रुंदी मोजता येते, पण आतलं क्षेत्र दुर्बिणीला दिसत नाही. तो ढग एल१ बिंदूवरच्या यानांवरून गेल्यावरच ते कळतं. एल१ पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर आहे. सेकंदाला ४०० किलोमीटरने येणारा वारा तिथून इथे यायला तासाभर घेतो. ८०० ने येणारा अर्ध्या तासात पोचतो. ज्या गोष्टीवर वादळाचा जोर ठरतो ती आपल्याला जेमतेम अर्धा ते एक तास आधी कळते. अंदाज वाचताना हे ध्यानात ठेवलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.


नवखी

खूपच छान आणि सोप्या भाषेत लिहिलंय. पण एक कळलं नाही. बीझेड जर तासभर आधी कळतो, तर 'परवा जी३' असा इशारा दोन दिवस आधी कशाच्या जोरावर देतात?


सूर्यदर्शी

@नवखी, नेमका प्रश्न विचारलात.

सोहो यानावर १९९५ पासून लास्को नावाचा करोनाग्राफ आहे. तो सूर्याची तबकडी झाकतो आणि भोवतालच्या किरीटाचे फोटो घेतो. सीएमई सुटला की लागोपाठच्या फोटोंमध्ये तो पसरताना दिसतो. त्यावरून अंदाजकर्ते त्याची दिशा, वेग आणि रुंदी काढतात आणि ते आकडे डब्ल्यूएसए-एनलिल नावाच्या मॉडेलमध्ये घालतात. सौरवाऱ्यात तो ढग कसा पुढे सरकेल, मागून येणारा दुसरा ढग त्याला गाठेल का, हे मॉडेल दाखवतं. तुम्ही ती फिरणाऱ्या नागमोडी रंगांची चित्रफीत पाहिली असेल, ती याचीच.

अडचणी दोन आहेत. आपल्याकडे थेट येणारा ढग समोरून पाहिला तर सूर्याभोवती कड्यासारखा दिसतो. कडं किती झपाट्याने मोठं होतंय ते मोजता येतं, पण ढग आपल्या दिशेने किती वेगाने येतोय हे त्यातून सरळ निघत नाही. तो आपल्याकडे येतोय की सूर्याच्या पलीकडे चाललाय, हेसुद्धा नुसत्या कड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी तबकडीवर त्या वेळी स्फोट झाल्याच्या खुणा शोधाव्या लागतात. म्हणून पोचण्याच्या वेळेत दहा-बारा तास इकडेतिकडे होणं ही नेहमीची गोष्ट आहे.

दुसरी अडचण मोठी. रोजच्या कामात वापरल्या जाणाऱ्या या मॉडेलमध्ये ढगाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्रच नसतं. तो फक्त दाट, वेगवान वायूचा गोळा म्हणून पुढे ढकलला जातो. प्रत्यक्षात सीएमईच्या पोटात पीळ भरलेल्या सुंभासारखं क्षेत्र असतं आणि त्या पिळाचा कोणता भाग आधी आपल्यावरून जातो त्यावर सगळं अवलंबून. तेव्हा 'जी३' हा आकडा वेग, घनता, तो डाग कोणत्या प्रकारचा होता आणि अंदाजकर्त्याचा अनुभव या सगळ्यांतून आलेला असतो. म्हणून तो 'वॉच' असतो, म्हणजे शक्यता आहे, लक्ष ठेवा. ढग एल१ ओलांडून गेला आणि आकडे हाती आले की 'वॉर्निंग' निघते. जमिनीवरच्या चुंबकमापकांनी प्रत्यक्ष वादळ नोंदवलं की 'अलर्ट'. हे तीन शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात आणि तिथेच निम्मा घोटाळा होतो.


मोर्सकोड

उत्तम धागा. हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या बाजूने थोडी भर घालते.

आम्हाला ज्वालाच आधी कळते, तीसुद्धा कानाने. एचएफवर (शॉर्टवेव्हवर) छान क्यूएसओ, म्हणजे गप्पा, चालू असतो आणि मिनिटभरात सगळा बँड ओस पडतो. अँटेनाची केबल सुटली की काय असं वाटावं इतकी शांतता. ज्वालेच्या क्ष-किरणांनी आयनांबराच्या तळाशी असलेल्या डी थरात आयनीभवन एकदम वाढतं आणि तो थर आमचे सिग्नल गिळून टाकतो. खालच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात आणि शेवटी परत येतात. म्हणजे ४० मीटरचा खालचा बँड मेलेला असताना १० मीटरच्या वरच्या बँडवर कधीकधी काम चालू राहतं. रात्र असलेल्या भागात याचा काही त्रास नाही. वीस मिनिटं ते तास-दोन तासांत सगळं पूर्ववत.

भूचुंबकीय वादळ उलट स्वभावाचं. ते हळूहळू चढतं आणि वरच्या एफ थराची घडीच विस्कटते. ध्रुवांजवळून जाणारे मार्ग आधी बंद होतात, वरचे बँड उघडत नाहीत आणि हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चालतं.

ज्यांच्याकडे शॉर्टवेव्ह रिसीव्हर आहे त्यांनी अमेरिकेतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही वेळ-प्रक्षेपण ऐकावं. दर तासाच्या १८ व्या मिनिटाला त्यावर सौर फ्लक्स (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता), केपी (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा ० ते ९ निर्देशांक) आणि मागच्या-पुढच्या २४ तासांचा हाल सांगतात. नेट नसताना मिळणारा हा अंदाज मला फार मोलाचा वाटतो.


चिकित्सक

लेख चांगला, पण मला मूळ मुद्दाच पटत नाही. अर्धा तास आधी कळणाऱ्या गोष्टीचा उपयोग काय? आणि दोन दिवस आधीचा आकडा जर अनुभवावर दिलेला असेल तर त्याला अंदाज म्हणायचं कशाला? २३-२४ मार्च २०२३ चं उदाहरण घ्या. जी४ वादळ झालं, जवळजवळ सहा वर्षांतलं सर्वांत मोठं, आणि इशारा त्याच्या आसपासचाही नव्हता. सौरचक्राचंही तेच. तज्ज्ञांच्या समितीने २०१९ मध्ये सांगितलं होतं की पंचविसावं चक्र जुलै २०२५ च्या सुमारास ११५ सौरडागांवर शिखर गाठेल. प्रत्यक्षात शिखर आलं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि आकडा होता जवळपास १६१. एवढा फरक पडत असेल तर सामान्य माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?


सूर्यदर्शी

@चिकित्सक, दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही उदाहरणं टाळता येण्यासारखी नाहीत.

मार्च २०२३ चा सीएमई त्या जातीचा होता ज्यांना 'स्टेल्थ' म्हणतात. ना ठळक ज्वाला, ना तबकडीवर खूण, करोनाग्राफमध्येही फिकट. असे ढग सावकाश निघतात, पण त्यांच्या पोटातलं क्षेत्र बराच वेळ दक्षिणेकडे राहिलं तर वादळ मोठं होतं. सध्याच्या साधनांचा हा आंधळा कोपरा आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं.

पण मे २०२४ आठवा. ३६६४ क्रमांकाचा समूह पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरापटीहून जास्त पसरला होता. ८ मे पासून त्यातून लागोपाठ एक्स ज्वाला आणि निदान पाच सीएमई आपल्या दिशेने निघाले. स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटरने जी४ वॉच जाहीर केला, २००५ नंतर पहिल्यांदा. १० मे ला पहिला धक्का पोचला, बीझेड उणे ५० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला आणि वादळ जी५ झालं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं. वीज कंपन्यांना, उपग्रह चालवणाऱ्यांना साधारण एक दिवस आधी माहीत होतं की काहीतरी मोठं येतंय. नेमकं किती मोठं, ते शेवटच्या तासात कळलं. मला हा अंदाजाचा विजयच वाटतो.

सौरचक्राचा अंदाज ही निराळी विद्या आहे. चक्र संपताना सूर्याच्या ध्रुवांवर किती चुंबकीय क्षेत्र साठलंय त्यावरून पुढचं चक्र किती जोमदार असेल हे ताडतात. त्यात चूक होणं आणि परवाच्या सीएमईत चूक होणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. सरासरी काढलेल्या त्या आकड्याने कुठल्या दिवशी वादळ येईल हे कळत नाहीच. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ ची मोठी वादळं तेविसाव्या चक्राचं शिखर उलटून गेल्यावर आली होती.


पारेषण

वीज पारेषणात नोकरी करतो, म्हणून @चिकित्सक यांच्या 'उपयोग काय' या प्रश्नावर लिहितो.

वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने हलतं, त्यामुळे जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो. लांबच लांब लाइन आणि दोन्ही टोकांना अर्थिंग केलेले ट्रान्सफॉर्मरचे न्यूट्रल, म्हणजे त्या प्रवाहाला आयता रस्ता. हा प्रवाह आपल्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या मानाने जवळपास डीसीच. ट्रान्सफॉर्मरचा कोअर अर्ध्या सायकलला सॅच्युरेट होतो, तो गुरगुरायला लागतो, गरम होतो, हार्मोनिक्स (नको त्या फ्रिक्वेन्सीचे प्रवाह) सोडतो आणि रिअॅक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज टिकवायला लागणारी) ओढायला लागतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये हेच झालं. हार्मोनिक्समुळे स्टॅटिक व्हार कॉम्पेन्सेटर एकामागोमाग ट्रिप झाले, व्होल्टेज सांभाळणारं कोणी उरलं नाही आणि साधारण दीड मिनिटात अख्खी ग्रिड कोसळली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात. तिथला खडक वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे जमिनीतल्या प्रवाहाने तारांचा रस्ता धरला, हेही एक कारण.

आता दोन दिवस आधीच्या वॉचचं काय करायचं? दुरुस्तीसाठी बंद ठेवायच्या लाइन बंद करायच्या नाहीत, आधीच बाहेर असलेल्या शक्य तितक्या परत सेवेत आणायच्या. रिअॅक्टिव्ह पॉवर राखीव ठेवायची. कंट्रोल रूममध्ये माणूस जागा ठेवायचा आणि त्याला सांगायचं की आज न्यूट्रलच्या प्रवाहावर डोळा ठेव. अर्ध्या तासाच्या वॉर्निंगवर लाइनवरचा भार कमी करता येतो. वॉच फुकट गेला तर एक दुरुस्ती पुढे ढकलली जाते, बस्स. तो दिलाच नाही आणि वादळ आलं तर काय होतं ते क्युबेकने पाहिलंय.

मात्र मूळ लेखातल्या एका मुद्द्याला माझी हरकत आहे. बीझेड उत्तरेकडे असला की निर्धास्त राहावं, असा अर्थ कोणी काढू नये. ४ ऑगस्ट १९७२ चा सीएमई १४.६ तासांत पोचला, इतक्या लवकर पोचलेला दुसरा माहीत नाही. त्याचं क्षेत्र बहुतांशी उत्तरेकडे होतं, त्यामुळे डीएसटी निर्देशांक (वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती नॅनोटेस्लांनी घटलं ते सांगणारा) उणे १२५ च्या आसपासच थांबला. पण नुसत्या धडकेने पृथ्वीचं चुंबकावरण इतकं आत दाबलं गेलं की अमेरिकेत टेलिफोनची लांब पल्ल्याची कोॲक्सियल केबल बंद पडली आणि व्हिएतनामच्या हायफाँग बंदराबाहेर समुद्रात पेरलेले, चुंबकीय बदलाने उडणारे कितीतरी सुरुंग आपोआप फुटले. आम्हाला क्षेत्र किती बदललं याहून ते किती झपाट्याने बदललं हे जास्त भोवतं.


सूर्यदर्शी

@पारेषण, हरकत मान्य, आणि ती मूळ लेखाला जोडूनच वाचावी अशी विनंती. दाबाची धडक आणि बीझेड या दोन वेगळ्या वाटा आहेत. १९७२ चं उदाहरण त्यासाठी फार बोलकं आहे: सर्वांत वेगवान ढग, आणि डीएसटीच्या हिशेबाने त्या मानाने बेताचं वादळ.


भूमापक

आमचं सगळं काम आरटीकेवर, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस मोजणीवर चालतं. १० मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, हे पुष्कळांनी वाचलं असेल. पण आम्हाला जी०, म्हणजे वादळच नसलेल्या दिवशीही संध्याकाळी त्रास होतो. दुपारभर रोव्हर (हातातला रिसीव्हर) मस्त फिक्स, म्हणजे अचूक स्थान, धरून असतो आणि सूर्य मावळून तासभर झाला की फ्लोट (अंदाजे स्थान), परत फिक्स, परत फ्लोट. सायकल स्लिपचा, म्हणजे सिग्नल तुटून मोजणी चुकण्याचा नुसता पाऊस. केपी बघावा तर १ किंवा २. हे सौर हवामान नाही का?


मोर्सकोड

@भूमापक, हे सौर हवामानच, पण जी पट्टीवर न येणारं.

भूचुंबकीय विषुववृत्तावर दिवसा आयनांबराचा प्लाझ्मा वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंना साधारण १५ अंशांवर येऊन साचतो. सूर्यास्तानंतर खालचा थर झपाट्याने विरळ होतो आणि तिथून कमी घनतेचे बुडबुडे वर चढतात. त्यांच्या कडा फार खडबडीत. जीपीएसचा सिग्नल त्यातून आला की तो लुकलुकतो आणि रिसीव्हरची पकड सुटते. ड्युअल फ्रिक्वेन्सी घेतली म्हणून हे टळत नाही. ती सरासरी विलंब काढून टाकते, लुकलुक नाही. सौरचक्राच्या शिखराच्या आसपास आणि विषुवदिनांच्या महिन्यांत हा त्रास जास्त, आणि बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर ओसरतो. मोठं वादळ आलं तर ते बुडबुडे वाढवतंही आणि कधी दाबूनही टाकतं. धक्का दिवसाच्या कोणत्या वेळी आला त्यावर ठरतं.

या पट्ट्यातल्यांनी केपीपेक्षा एस४ हा लुकलुकीचा निर्देशांक आणि टीईसीचे (आयनांबरातल्या एकूण इलेक्ट्रॉनचे) नकाशे बघावेत. केपी मध्यम अक्षांशांवरच्या १३ वेधशाळांवरून काढतात, त्यात हे दिसणारच नाही. आणि जमलं तर नाजूक मोजणी सकाळी उरकून घ्यावी.


भूमापक

एस४ चं माहीतच नव्हतं, पंचाईत सुटली. सकाळच्या वेळापत्रकासाठी आता साहेबांना दाखवायला काहीतरी आहे. मनापासून धन्यवाद.


विज्ञानशिक्षिका

वाचनखूण साठवली. वर्गात दाखवण्यासाठी कुठला आलेख निवडावा? आणि कॅरिंग्टन घटनेचा उल्लेख कसा नाही आला अजून?


सूर्यदर्शी

@विज्ञानशिक्षिका, कॅरिंग्टन मुद्दामच मागे ठेवला होता, कारण प्रत्येक घाबरवणारा लेख तिथूनच सुरू होतो. पण वर्गासाठी ती गोष्ट उत्तम आहे. १ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचं चित्र काढत असताना त्यांना डागांवर पांढरा झगझगीत उजेड दिसला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ सुरू झालं, तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. त्या वादळाची जी नोंद आज जगभर अभ्यासली जाते ती मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली: आडव्या चुंबकीय घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट. तुलनेसाठी, १९८९ च्या वादळात डीएसटी उणे ५८९ पर्यंत गेला होता आणि मे २०२४ मध्ये उणे ४०० च्या थोडा खाली. कुलाब्याची नोंद एका जागेची आणि डीएसटी चार वेधशाळांची सरासरी, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवताना मुलांना हा फरक जरूर सांगा.

आलेखाचं म्हणाल तर एल१ वरचा प्रत्यक्ष सौरवाऱ्याचा आलेख दाखवा. नोआच्या पानावर पाच पट्ट्या एकाखाली एक येतात. सर्वांत वर पांढरी रेघ म्हणजे क्षेत्राची एकूण ताकद आणि लाल म्हणजे बीझेड. खाली घनता, वेग, तापमान. शांत दिवशी लाल रेघ शून्याच्या आसपास थरथरत असते. सीएमईचा धक्का आला की सगळ्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत उडी मारतात: वेग ४०० वरून ६००-७०० वर, घनता वर, पांढरी रेघ वर. पुढचे काही तास लाल रेघ वेडीवाकडी वर-खाली होते. तो ढगाच्या पुढे रेटला गेलेला गढूळ भाग. मग अचानक घनता पडते, थरथर थांबते आणि लाल रेघ एका बाजूला संथपणे वळायला लागते. तो प्रत्यक्ष ढग. ती खाली वळली आणि तिथेच राहिली की दोन-तीन तासांत केपी चढलेला दिसतो. मुलांना आधी लाल रेघ दाखवून केपी ओळखायला सांगा, भलतीच रंगतात.


चिकित्सक

@पारेषण यांचा प्रतिसाद वाचून वॉचचं महत्त्व पटलं. तरी एल१ चं अर्ध्या तासाचं बंधन खटकतंच. यान आणखी पुढे, सूर्याजवळ का नाही ठेवत?


सूर्यदर्शी

कारण तिथे ते टिकून राहत नाही. सूर्याच्या जवळची कक्षा म्हणजे कमी दिवसांचं वर्ष. यान पृथ्वीच्या पुढे निघून जाणार. एल१ वर सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा मेळ असा बसतो की यान पृथ्वीबरोबरच वर्षाची फेरी मारतं. त्याहून आत कायम राहायचं तर सतत इंधन जाळावं लागेल, नाहीतर बरीच यानं एकामागोमाग फिरती ठेवावी लागतील. त्यावर विचार चालू आहे.

दरम्यान बाजूने पाहण्याची सोय होतेय. युरोपीय अंतराळ संस्थेचं व्हिजिल यान २०३१ मध्ये सोडायचं ठरलंय. ते एल५ वर जाईल, म्हणजे पृथ्वीच्या मागे ६० अंशांवर. तिथून आपल्याकडे निघालेला ढग बाजूने दिसेल, कड्याचा घोळ सुटेल आणि पोचण्याची वेळ बरीच नेमकी सांगता येईल. शिवाय सूर्याचा जो भाग चार-पाच दिवसांनी आपल्यासमोर येणार तोही आधीच दिसेल. असा कोन नासाच्या स्टेरिओ या दोन यानांनी काही वर्षं दिला होता, पण त्यातल्या एकाशी २०१४ मध्ये संपर्क तुटला आणि दुसरं फिरत फिरत २०२३ मध्ये पृथ्वीच्या रेषेत आलं.

एल१ वर आता गर्दी वाढतेय ही चांगली बाब. १९९७ चं एसीई, २०१५ चं डिस्कव्हर, जानेवारी २०२४ मध्ये तिथे पोचलेलं आदित्य-एल१, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नोआने खास अंदाजासाठी सोडलेलं यान. एकाहून जास्त यानं लागतातच, कारण प्रोटॉनचा मारा सुरू झाला की सौरवारा मोजणारी उपकरणं आंधळी होतात. २००३ च्या वादळात एसीईचं असंच झालं होतं: नेमकी गरज असताना वेगाचे आकडे नाहीत. करोनाग्राफच्या फोटोंवरही त्या वेळी पांढऱ्या ठिपक्यांची झोड उठते.


नवखी

सूर्याच्या मागच्या बाजूचं काहीच कळत नाही का मग?


सूर्यदर्शी

कळतं, अंधुक. सूर्याच्या पोटातून ध्वनिलहरी आरपार फिरत असतात. मागे मोठा डाग असेल तर त्या थोड्या लवकर परत येतात, आणि त्यावरून मागच्या बाजूचा ढोबळ नकाशा काढतात. मंगळ पलीकडच्या बाजूला असला तर तिथल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने घेतलेले सूर्याचे फोटोही कामी येतात. मे २०२४ चा तो समूह मागे जाऊन, सूर्याची फेरी पुरी करून महिनाअखेर ३६९७ या नव्या क्रमांकाने परत आला आणि कडेवर दिसतो न दिसतो तोच २७ मे ला एक्स२.८ ज्वाला झाली. लक्ष ठेवून असलेल्यांना तो येणार हे माहीत होतं.


पारेषण

उपग्रहांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. वादळात वरचं वातावरण तापून फुगतं आणि खालच्या कक्षेत घर्षण वाढतं. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास असेच खाली येऊन जळून गेले. ते सुरुवातीला २१० किलोमीटर इतक्या खाली होते. वादळ होतं फक्त जी१. त्यामुळे आकडा छोटा आहे म्हणून दुर्लक्ष करण्याआधी आपलं यंत्र कुठे उभं आहे ते बघावं लागतं.


नवखी

शेवटचं विचारते. आत्ता पानावर जी१ वॉच दिसतोय, पण गेल्या आठवड्यात एकही मोठी ज्वाला झाल्याचं दिसत नाही. हा कुठून आला?


सूर्यदर्शी

बहुतेक किरीटछिद्रातून. अतिनील फोटोंमध्ये सूर्यावर काळा मोठा पट्टा दिसतो, तिथे चुंबकीय रेषा मोकळ्या असतात आणि वारा जोरात बाहेर पडतो. सूर्य आपल्याला साधारण २७ दिवसांत एक फेरी घेताना दिसतो, म्हणून तोच झोत २७ दिवसांनी परत येतो. याचा अंदाज सगळ्यांत भरवशाचा. निवेदनाच्या मजकुरात 'कोरोनल होल' किंवा 'हाय स्पीड स्ट्रीम' असे शब्द शोधा, आणि बरोबर २७ दिवस मागच्या तारखेचा केपी काढून बघा. तेव्हा ५ असेल तर याही वेळी त्याच्या आसपासच राहील. असे झोत एक-दोन दिवस चालतात, क्वचितच जी२ च्या वर जातात, आणि मार्च-सप्टेंबरच्या सुमारास जरा जास्त लागतात, कारण तेव्हा पृथ्वीच्या कलण्यामुळे बीझेडला दक्षिणेकडे झुकायला सोपं जातं.


नवखी

काढून पाहिलं. तेव्हा केपी ५ होता, आणि मजकुरात 'कोरोनल होल'च लिहिलंय.